"एससीवाले हात वर करा", हे बंद कधी होणार?

शाळा सुरू होऊन महिना झाला. शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत आणि आपल्या तालुक्यातल्या काही वर्गांत दरवर्षीचाच प्रकार चालू आहे. शिपाई कागद घेऊन येतो, सर ओरडतात, "एससी, एसटी, एनटी, हात वर करा!" साठ पोरांसमोर. मागच्या आठवड्यात एका पालकाचा फोन आला, त्यांची सातवीतली मुलगी फॉर्मच नको म्हणते. शाळेचं नाव घेत नाही. एकाच शाळेचा प्रश्न असता तर मुख्याध्यापकांना भेटून मिटवला असता.

"एवढं काय त्यात? आमचा हेतू वाईट नसतो," एक शिक्षकमित्र म्हणाले. हेतूचं सोडा, परिणाम बघा.

उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांवर कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला होता. 321 मुलं 'वरच्या' जातींतली, 321 दलित. काम साधं. कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायची, सुटलेल्या प्रत्येक कोड्याला 1 रुपया. जातीचा विषयच निघाला नाही, तिथे दोन्हीकडची पोरं जवळपास सारखीच निघाली. दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं-आजोबाचं नाव आणि जात वाचून दाखवली. बास, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. तिथे दलित मुलांची सुटलेली कोडी वीसेक टक्क्यांनी घसरली. कोडी तीच, रुपया तोच. 2006 मध्ये हे 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त छापून आलंय, माझ्या मनचं नाही.

आता आपला वर्ग घ्या. सकाळी हात वर करायला लावायचा, दुपारी त्याच पोराला फळ्यावर गणिताला उभं करायचं आणि अडखळला की म्हणायचं, "यांना सवलती देऊन काय उपयोग!" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये चहा पिताना स्वतः ऐकलंय. गुरुजी, गटशिक्षणाधिकारी मागच्या बाकावर येऊन बसले की तुमचा खडू थरथरतो की नाही? तुम्ही पंधरा वर्षं शिकवताय. ते पोरगं बारा वर्षांचं आहे, आणि त्याच्या मागच्या बाकावर अख्खा गाव बसलेला असतो.

बरं, हात वर करायला लावायची गरज तरी काय? जात प्रवेशाच्या दिवशीच जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. क्लार्कने त्यावरून यादी काढायची, वर्गशिक्षकाने पालकांना फोन करायचा, फॉर्म पाकिटात घालून पालकांच्या हातात द्यायचा. जास्तीत जास्त दोन दिवसांचं काम. पण वर्गात ओरडलं की दोन मिनिटांत होतं ना!

सोमवारी अकरा वाजता पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन देतोय. यायचं असेल त्या पालकांनी या. आणि कृपा करून मला पोरांची नावं-जाती मेसेज करू नका, निवेदनाला त्याची गरज नाही.