बाई मेल्यावरच का बोलते?

'स्त्री' (2018) आला तेव्हापासून ऐकते आहे, की आपला भयपट आता स्त्रीवादी झाला. आमच्या गटातल्या मुलीही म्हणतात, "ताई, यात भूत बाईच्या बाजूचं आहे." भूत बाजूचं झालं, हे खरं. पण मैत्रिणींनो, आपली बाजू मांडायला बाईला आधी भूत का व्हावं लागतं?

मी पंचवटीत काम करते. इथल्या तपोवनात लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं आणि त्या नासिकेवरून 'नाशिक' नाव पडलं, असं परंपरा सांगते. बाईनं आपणहून इच्छा बोलून दाखवली तर ती राक्षसीण, आणि तिला विद्रूप करणं हा पराक्रम! भयपटाची अर्धी गोष्ट इथंच लिहून झाली होती. उरलेली सिनेमानं लिहिली.

'महल' (1949) मध्ये खरं तर भूत नाहीच. माळ्याच्या मुलीचा मालकावर जीव जडतो, पण ते सांगायला तिला मेलेल्या बाईचं सोंग घ्यावं लागतं. 'वह कौन थी' (1964) मध्ये पांढऱ्या साडीतल्या बाईला पाहून प्रेक्षक घाबरतात. कट मात्र पुरुषाचा असतो आणि डोळा इस्टेटीवर.

मग रामसे बंधूंचा काळ आला. 'पुराना मंदिर' (1984) मध्ये शाप राजघराण्याला, मरायचं मात्र मुलींनी, तेही बाळंतपणात. 'वीराना' (1988) मधली चेटकीण सुंदर आहे, पुरुषांना भुलवते. कॅमेरा आधी तिच्या देहावरून फिरतो आणि मग तिच्याच नाशाची वाट बघायला लावतो. बघण्याचं सुख पुरुषाला, शिक्षा बाईला.

'राझ' (2002) मध्ये शहर आलं, संगीत आलं, चकचकीत घर आलं. गोष्ट मात्र तीच. नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले, ती दुसरी बाई जिवानिशी गेली, तिचं प्रेत गुपचूप पुरलं गेलं. आणि शेवटी बायको काय करते? त्या नवऱ्याला वाचवण्यासाठी तिचं प्रेत जाळते. एका बाईला दुसऱ्या बाईविरुद्ध उभं केलं, की गुन्हेगार मोकळा. हे आपल्याला पडद्याबाहेरही चांगलंच ठाऊक आहे.

मग बदललं काय? 'स्त्री'मध्ये रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात. थिएटरात सगळे हसतात. आपण बाया रोज असंच जगतो, तेव्हा कुणी हसत नाही. भुताला सूड नको, मान हवा, हेही तो सिनेमा सांगतो. हे पुढचं पाऊल आहे, ते नाकारायचं कारण नाही. मराठीतला 'लपाछपी' (2017) त्याच्याही पुढे गेला. उसाच्या फडातल्या घरात खरी भीती भुतांची नाही, मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांची आहे. गर्भलिंगचाचणीविरुद्ध महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा 1988 मध्ये केला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 894 मुलीच होत्या. यापेक्षा भयंकर सिनेमा कोणता?

तरीही माझी तक्रार उरतेच. या नव्या सिनेमांतही बाईला ताकद मिळते ती मेल्यानंतर, नाहीतर काही अलौकिक शक्ती असेल तर. जिवंत बाईनं ओरडून सांगितलं, तर गाव ऐकत नाही. मेलेल्या बाईच्या सूडाला टाळ्या वाजवणं सोपं असतं. जिवंत बाईच्या तक्रारीला साक्षीदार म्हणून उभं राहणं अवघड असतं.

आणि भूत-चेटकीण ही पडद्यापुरती गोष्ट नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. बाईला डाकीण ठरवून छळणं आज गुन्हा आहे. पण वस्तीत अजून 'हिला बाहेरचं लागलंय' म्हणत बाईला भगताकडे नेतात. तिच्याशी एकटीशी बोलत बसलं, तर बाहेरचं काही नसतं. जे असतं ते घरातलंच असतं: मार, संशय, सलग बाळंतपणं, न झालेली झोप. अंगात आल्यावर ती जे बोलते, ते शुद्धीवर असताना बोलायची तिला मुभाच नसते.

म्हणून भयपटांवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. सिनेमा बायांनी जरूर बघावा, एकत्र बघावा. नंतर बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत. या बाईला मारलं कुणी? ती जिवंत असताना कोण कोण गप्प बसलं? आणि आपल्या गल्लीत आज अशी कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की त्या घराचं दार ठोठवायला चौघीजणी मिळून जाऊ या. तिचं भूत होण्याची वाट कशाला बघायची?