काळ्या घोड्याच्या वाटेने

संपादकांचा दरवर्षीचा हुकूम असतो की दिवाळी अंकात या सदराची नेहमीची रडगाणी नकोत, लोकांनी चकली खात खात वाचावे असे काही लिहा. यंदा त्यांनी विषयही नेमून दिला आहे. सुटीत मुंबईस पाहुणे येतात. त्यांना राणीचा बाग, चौपाटी आणि गेटवे दाखवून झाले की यजमान हवालदिल होतो. अशा यजमानाच्या उपयोगी पडेल असे चित्रप्रदर्शनांविषयी लिहा, असे त्यांचे म्हणणे.

आता चित्रकलेतला माझा अधिकार म्हणाल, तर शाळेत मी काढलेला आंबा गुरुजींनी पेरू म्हणून तपासला होता. पण माझे थोरले बंधू अण्णा मिरजेकडच्या एका शाळेत जन्मभर ड्रॉइंग मास्तर होते, आणि आमची कन्या वैदेही इंटरमीजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळवून बसली आहे. बाकीची मुले ती परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात. आमच्या मुलीने ती मनापासून दिली आणि तिथेच घोटाळा झाला. बारावीत गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, मला जे. जे.ला जायचंय.” मी म्हणालो, “इस्पितळात?” ती म्हणाली, “स्कूल ऑफ आर्टमध्ये.” त्यानंतर आमच्या घरात आठ दिवस फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

अशा वातावरणात गेल्या दिवाळीत अण्णा आणि वहिनी आमच्याकडे आले. सौभाग्यवतींनी भाऊबिजेच्या रात्री माझ्या कानात सांगितले, “अण्णांना घेऊन एकदा ती चित्रं बघून या. तेच पोरीला चार गोष्टी समजावतील. पोटाचं काय, ते त्यांना ठाऊक आहे.” बेत मला पसंत पडला. मजा अशी, की अण्णा इतक्या वेळा मुंबईस आले, पण जहांगीरची पायरी कधी चढले नव्हते. दर खेपेस काही तरी निमित्त निघे. गाडीची वेळ झाली, पाय दुखतो, पुढच्या वेळी बघू. या वेळी वैदेहीने त्यांची पिशवीच स्वतःच्या खांद्यावर अडकवली, तेव्हा त्यांचा निरुपाय झाला.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने रमतगमत गेले तरी फार तर वीस मिनिटांत काळा घोडा येतो. हा घोडा पाहुण्यांना अवश्य दाखवावा. मूळच्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता. १८७९ साली उभारलेला तो पुतळा १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. पन्नासहून अधिक वर्षे घोड्यावाचूनच त्या जागेला काळा घोडा म्हणत होते. २०१७ साली नवा घोडा बसवला, तो स्वाराशिवाय. अण्णा म्हणाले, “बरं केलं. घोड्याचंच नाव होतं, स्वार हवा कशाला?”

पलीकडेच जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ती उभी राहिली. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी तिच्यासाठी खटपट केली होती. दारावरचे ते काँक्रीटचे लाटेसारखे छत आपण बसमधून नेहमी पाहतो आणि आत काही तरी महागडे असणार असे समजून पुढे जातो. वाचकहो, आत जायला एक पैसाही लागत नाही. दारावर कोणी ओळखही विचारत नाही. प्रदर्शने बहुधा मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, म्हणजे दर आठवड्याला नवी भिंत पाहायला मिळते. चहासाठी मात्र बाहेर जावे लागते. १९६४ पासून आत असलेले ‘समोवार’ २०१५ साली बंद झाले, आणि जुनी मंडळी अजून त्या जागेपाशी येऊन उसासा टाकतात.

अण्णा दारात चपला काढू लागले. वैदेहीने त्यांना थांबवले. ते म्हणाले, “सवय आहे गं.”

पहिल्या दालनात निसर्गचित्रे होती. घाट, देऊळ, पावसातली एस.टी. आमच्या सौभाग्यवती तिथे रमल्या. दुसऱ्या दालनात शिरलो आणि माझे धैर्य खचले. निळ्यावर निळे, त्यावर करडे, मध्येच एक तांबूस रेघ. सौभाग्यवती कुजबुजल्या, “हे सुलटं लावलंय ना?” कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या तिशीतल्या चित्रकाराने ते ऐकले असावे, कारण तो हसला.

अण्णा मात्र एका चित्रापुढे उभे राहिले ते हलेचनात. मग नाक कॅनव्हासपासून वीतभर अंतरावर नेऊन म्हणाले, “हा निळा एकदम नाही आला. खाली तांबडा आहे. तो वाळू दिला, मग वरून पातळ चढवला आणि ओला असतानाच पुसला. फडक्यानं?” तो तरुण खुर्चीवरून उठून उभा राहिला. “वर्तमानपत्राच्या कागदानं, काका.” मग दोघांचे जे बोलणे सुरू झाले त्यात आम्हांला जागा नव्हती.

इथे वाचकांना एक सूचना करतो. जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः आठवडाभर आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. इथली तारीख मिळायला त्याने काही वर्षे वाट पाहिलेली असते. त्याच्यापुढून मान खाली घालून पळू नका. “याचा अर्थ काय?” असे विचारू नये, कारण त्याला उत्तर सुचत नाही आणि दोघेही अवघडतात. “हे तुम्ही कसं केलंत?” असे विचारावे. तो तासभर सांगेल. चित्राला हात लावू नये, आणि फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्यावी. नावाच्या पट्टीशेजारी लाल ठिपका दिसला तर चित्र विकले गेले असे समजावे.

त्या दालनात लाल ठिपका एकच होता. मी तो मोजला आणि संधी साधून, वैदेहीला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारले, “यावर भागतं का हो?”

“नाही भागत,” तो सरळ म्हणाला. “सकाळी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. रात्री दहानंतर हे.”

मला हवे ते उत्तर मिळाले होते. मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिले. अण्णा माझ्याकडे पाहतच नव्हते.

तिथून रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. पूर्वीचा हा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ साली बांधलेला. संग्रहालय झाले १९९६ साली. आतून गोल, मजल्यामजल्याने चढत जाणारे. इथे थोडे तिकीट असते आणि सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. जहांगीरमध्ये आजचा चित्रकार भेटतो, इथे पुष्कळदा कालचा भेटतो. २०१८ साली इथेच धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस जे. जे.त शिकायला आला, तिथेच शिक्षक झाला आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने आपल्या आठवणी लिहून गेला. त्या वेळी मी कळवले असताही अण्णा आले नव्हते.

वरच्या मजल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी विषय काढला. म्हटले, “अण्णा, तुम्हीच सांगा हिला. गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली लिलावात चाळीस कोटींच्या घरात गेलं, ते वाचून पोरांची डोकी फिरतात.”

“गायतोंडे २००१ साली गेले,” अण्णा म्हणाले. “त्या कोटींतला रुपया त्यांनी पाहिला नाही. गिरगावातल्या चाळीत वाढलेला माणूस. हुसेन पंढरपूरचे, त्यांनी इथे सिनेमाचे बोर्ड रंगवले. आरा मोटारी पुसत होते. १९४७ साली त्यांनी आणि सूझा, रझा मंडळींनी ग्रुप काढला, तेव्हा त्यांना कोण विचारत होतं? कोटींचं सांगून तिला भुलवू नये, आणि कोटींचं सांगून भिववूही नये.”

मग ते बराच वेळ गप्प राहिले. आमच्या घरात चित्र म्हणजे दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ. दलालांची, मुळगावकरांची मुखपृष्ठे अण्णा लहानपणी ब्लेडने कापून वहीत चिकटवीत. ती वही माझ्या आठवणीत आहे. मी तिचा उल्लेख केला, तर ते म्हणाले, “त्या वहीत मागच्या पानावर एक पत्र होतं. जे. जे.चं. प्रवेश मिळाल्याचं.”

मी म्हणालो, “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बोलून काय करायचं? दादा त्याच वर्षी गेले. तू पहिलीत होतास. शाळेत जागा होती, ती धरली.” हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितले, की जणू पावसामुळे गाडी चुकली. “वाईट काही झालं नाही. चांगली पोरं हाताखालून गेली. फक्त मुंबईला आलं की या बाजूला पाय वळत नसे. म्हटलं, बघितलं आणि फार आवडलं तर काय घ्या?”

वैदेही त्यांच्या शेजारी बसली होती. तिने काही विचारले नाही. मी पहिलीत होतो. माझी फी, माझी पुस्तके, पुढे माझे कॉलेज. बँकेतली माझी नोकरी लागेपर्यंतचा सगळा खर्च त्या ड्रॉइंगच्या तासांतून आला होता, हे मला ठाऊक होते. त्या तासांच्या आधी एक पत्र होते, हे ठाऊक नव्हते.

संध्याकाळी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जाऊन आलो. १९२२ साली सुरू झालेले हे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम जहांगीरला लागूनच आहे. एका दिवसात तिन्ही पाहू नयेत हे खरे. पायांचे तुकडे पडतात. पण गेलात तर तिथली लघुचित्रे चुकवू नका. मोगल, दख्खनी, राजस्थानी, पहाडी. पोस्टकार्डाएवढ्या जागेत अख्खी बाग मावलेली असते. काका-पुतणी एका दख्खनी चित्रापुढे डोकी जुळवून उभी होती आणि अण्णा बोटाने हवेत रेघ काढून दाखवीत होते. पहारेकऱ्याला वाटले, चित्राला हात लावतात. तो धावत आला.

अण्णा मिरजेस गेले. जाताना त्यांनी मला उपदेश केला नाही. सौभाग्यवतींनीच विचारले, “पोरीला समजावलंत का?” तर म्हणाले, “तिला समजलेलंच आहे.”

पुढे प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली. हल्ली अर्ज संगणकावर भरतात आणि शेवटी वडिलांच्या मोबाईलवर सहा आकडे येतात. ते सांगितल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पूर्वी बापाची सही लागे, आता आकडे लागतात, एवढाच फरक. वैदेही दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, ओटीपी.” सौभाग्यवती पोळ्या लाटायच्या थांबल्या. ते आकडे दहा मिनिटांत बाद होतात. पोटाचे काय, हा माझा प्रश्न तेव्हा सुटला नव्हता, आजही सुटलेला नाही. मी चष्मा शोधला आणि एकेक आकडा वाचून दाखवला.

यंदाच्या दिवाळीत अण्णा पुन्हा येणार आहेत. परवाच फोन होता. मंगळवारी जहांगीरला नवे काय लागते आहे, ते पुतणीला विचारून ठेव म्हणाले.