प्रेक्षकाला अक्कल असते

कोंदट, अंधारी कोठडी. आत एक माणूस आणि एक डुक्कर. माणूस कातडी कमावणारा, नाव नथू. एका ठेकेदाराने पाच रुपये हातावर ठेवून सांगितले आहे की जनावरांच्या डॉक्टरला मेलेले डुक्कर हवे आहे. नथूने असले काम कधी केलेले नाही. रात्रभर तो घामाघूम होऊन झटतो आणि सकाळी डुकराचे मढे मशिदीच्या पायरीवर सापडते. ‘तमस’ची ही सुरुवात. दिग्दर्शक गोविंद निहलानी, नथूच्या भूमिकेत ओम पुरी, वर्ष 1988. रविवारी सकाळी ‘रामायण’ दाखवणाऱ्या दूरदर्शननेच ही मालिकाही घराघरांत पोचवली.

फाळणीची ही कथा भीष्म साहनींना सुचली ती भिवंडीत. 1970च्या दंगलीनंतर ते भाऊ बलराज यांच्याबरोबर तिथे गेले. ते उजाड मोहल्ले पाहताना त्यांना 1947चे रावळपिंडी आठवले आणि परतल्यावर ते कादंबरी लिहायला बसले. ‘तमस’ला 1975 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निहलानींचा जन्मही कराचीचा, फाळणीत घर सुटलेले. म्हणजे लेखक आणि दिग्दर्शक दोघांनीही हा विषय अंगावर झेललेला होता.

मालिका सुरू होताच निदर्शने झाली, निहलानींना धमक्या आल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. पुढे खंडपीठावरच्या न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. देशात निरक्षरांची संख्या मोठी, ते भडकतील, हा विरोधकांचा मुद्दा त्यांनी मानला नाही. निरक्षर माणसालाही बरेवाईट कळते, असे त्यांनी नोंदवले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. त्यासाठी आधार घेतला तो न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिलेल्या कसोटीचा: शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसावरून, पाचोळ्यासारख्या हलणाऱ्या मनावरून नव्हे.

प्रेक्षकावरचा हा विश्वास आज टीव्हीच्या धंद्यात कुठे दिसतो?

मालिकेच्या सेटवर दर गुरुवारी टीआरपीची वाट पाहिली जाते. आकडा घसरला की ट्रॅक बदलतो, नायिकेचा अपघात होतो, नाहीतर मेलेला दीर परत येतो. रोज एक भाग द्यायचा, शिवाय हाताशी एपिसोडची बँक ठेवायची, म्हटल्यावर लेखकाने थांबून विचार कधी करायचा? श्रेयनामावलीत ‘कथाविस्तार’ नावाचे स्वतंत्र काम असते. प्रेक्षक त्याला सरळ पाणी घालणे म्हणतात. यावर वाहिन्यांचे उत्तर ठरलेले आहे: लोकांना हेच हवे असते. थोडक्यात, 1988चे याचिकाकर्ते आणि आजचे वाहिनीवाले यांचे एका बाबतीत एकमत आहे. समोर बसलेल्या माणसाला फारसे झेपत नाही, असे दोघेही धरून चालतात.

पण म्हणून जुन्या दूरदर्शनच्या नावाने गळा काढायचे कारण नाही. सरकारी वाहिनीची भीती माहितीपटकार आनंद पटवर्धन यांना विचारावी. 1995 साली पूर्ण झालेला त्यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा माहितीपट दाखवायला दूरदर्शन तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला 2006 साली. ओटीटीवर आठ-दहा भागांत संपणाऱ्या मालिका आहेत, पण त्या वर्गणी भरणाऱ्यांसाठी. शिवाय 2021 मध्ये ‘तांडव’ या मालिकेवरून गदारोळ होताच निर्मात्यांनी माफी मागून दृश्ये बदलली. खंडपीठाने पूर्ण मालिका पाहून निकाल द्यावा, अशी वेळच आली नाही.

तरीही करण्याजोगे बरेच आहे आणि त्याची सुरुवात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीकडून व्हायला हवी. ती जनतेच्या पैशावर चालते, तिला गुरुवारच्या आकड्यावर पोट भरायचे नाही. मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांकडून उभा करून घेतला, रणजित देसाईंची ‘स्वामी’ पडद्यावर आणली. साहित्यातून मालिका काढण्याचे कसब या केंद्राला परके नाही. 1982चा गिरणी संप, 1993चा किल्लारीचा भूकंप, खुद्द भिवंडी, असे विषय सहा ते आठ भागांच्या मालिकांसाठी पडून आहेत. वर्षाला अशा दोन मालिका कराव्यात. लेखकाला वर्षभराचा अवधी आणि पुरेसे मानधन द्यावे, संहिता पूर्ण झाल्याशिवाय चित्रीकरण सुरू करू नये आणि प्रक्षेपण रात्री नऊला ठेवावे, दुपारच्या रिकाम्या वेळेत नव्हे.