पडद्यावर काय आणि वर्गात काय?

सकाळी कांजूरमार्गला धीमी लोकल थांबली की पाठीवर सॅक घेतलेली मुले धावत डबा गाठतात. कोणाला मुलुंडचे महाविद्यालय गाठायचे असते, कोणाला घाटकोपर-विद्याविहारचे. रोजची ही दगदग वाचणार असेल तर काही तास घरीच, पडद्यावर झालेले काय वाईट, असे कोणालाही वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये तसा मसुदाच पुढे ठेवला : प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात. पण कोणते ४० टक्के? खरा प्रश्न तिथेच आहे.

टाळेबंदीतला अनुभव आईवडील विसरलेले नाहीत. दहा बाय बाराची खोली, घरात एकच स्मार्टफोन. त्यावर थोरलीचा तास आणि त्याच वेळी धाकट्याचाही. शिकवून झाले, पण शिकून झाले काय?

दुरून शिकवणे आपल्याला नवे नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरदारांना आणि गृहिणींना पदवीची वाट त्यामुळे मोकळी झाली. मात्र नुसती पुस्तके हाती देऊन भागत नाही, हे ओळखून मुक्त विद्यापीठाने गावोगावी अभ्यासकेंद्रेही उभी केली.

कांजूरमार्ग स्थानकापासून जवळच असलेल्या पवईच्या आयआयटीनेही हेच ओळखले होते. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथे देशभरातल्या हजारो प्राध्यापकांसाठी प्रशिक्षणाचा उपक्रम झाला. व्याख्यान पवईहून प्रक्षेपित होई. प्रात्यक्षिके आणि शंकासमाधान मात्र ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत, समोरासमोर. त्यासाठी तिथल्या समन्वयकांना आधी पवईला बोलावून तयार केले जाई. यंत्राआधी माणसे तयार झाली, हा त्यातला धडा.

विद्यापीठांनी तोच गिरवावा. जे पुन्हा पुन्हा ऐकता येते, ते व्याख्यान पडद्यावर जाऊ द्यावे आणि ते उतरवून ठेवता यावे. प्रश्न, वाद, प्रयोग, चुकलेले गणित सोडवणे हे वर्गातच राहावे. ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाचे वाचनालय आणि संगणककक्ष संध्याकाळपर्यंत उघडे असावेत. ध्वनिचित्रफीत तयार करण्यात प्राध्यापकाचे जे तास जातात, ते त्याच्या कामात धरावेत. आणि वेळापत्रक ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या घरची परिस्थिती विचारावी.

एक धोका मात्र आताच सांगितला पाहिजे. पडद्यामुळे वर्गातले काही तास वाचतील, आणि ते पाहून रिकाम्या जागा तशाच ठेवण्याचा मोह होईल. वाचलेला तास विद्यार्थ्याचा आहे, हिशेबनिसाचा नव्हे. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाने वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्याशेजारी बसायला प्राध्यापकाला या तासात सवड मिळाली, तरच ही योजना फळली म्हणायची.