संगीताचा तास ऑफ आहे

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये रोज सकाळी गाणं व्हावं, असा चक्क सरकारी आदेश आहे. 19 फेब्रुवारी 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालं आणि परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीतासोबत ते वाजवावं किंवा गावं, असं ठरलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. निवड उत्तमच आहे. पण खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या वाटतात, गायला बसलं की घाम फुटतो. पाचवीच्या पन्नास पोरांना हे गाणं सुरात शिकवणार कोण, हा प्रश्न आदेश काढणाऱ्यांना पडला नसावा. 'वाजवावं किंवा गावं' मधलं 'वाजवावं' तिथे कामाला येतं. हेडसरांचा मोबाईल, एक ब्लूटूथ स्पीकर, झालं काम.

संगीत शिक्षक का नाहीत, याची गोष्ट तशी कंटाळवाणी आहे. कंटाळवाणी आहे म्हणूनच ती कुणी वाचत नाही, आणि कुणी वाचत नाही म्हणून पदं गुपचूप जातात. तेव्हा जरा सहन करा, थोडक्यात सांगतो.

शाळेत किती शिक्षक असावेत हे 'संचमान्यता' नावाच्या प्रकरणावर ठरतं. आपल्याकडे प्रोजेक्टला रिसोर्स प्लॅनिंग असतं ना, साधारण तसंच. पटावर किती मुलं, त्यावर किती पदं मंजूर. गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र यांची पदं आधी धरली जातात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचं नाव आहे, पण दोन अटींसकट. एक, पट 100 च्या वर हवा. दोन, शिक्षक 'अंशकालीन'. म्हणजे एका चांगल्या कायद्यानेच सांगून टाकलं की हा माणूस अर्धवेळ चालेल, आणि लहान शाळेत तर नसलाच तरी चालेल.

पुढचं काम राज्याने केलं. 2 मे 2012 ला शिक्षक भरतीवर बंदी आली. 28 ऑगस्ट 2015 ला संचमान्यतेचे नवे निकष आले, आणि 7 ऑक्टोबर 2015 ला आणखी एक शासन निर्णय निघाला, ज्यात 'अतिथी निदेशक' हा शब्द आहे. कला, क्रीडा, कार्यानुभव शिकवायला बाहेरून पाहुणा बोलवा, तासांप्रमाणे मानधन द्या. 2017 मध्ये तासिकांची वाटणी बदलली, त्यात कला आणि क्रीडेचे तास कमी झाले आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. 15 मार्च 2024 ला निकष पुन्हा बदलले, पुन्हा विरोध झाला. या सगळ्यात 'संगीत शिक्षकांना काढून टाका' असं वाक्य कुठेच नाही. तसं लिहिण्याची गरजच पडत नाही. एक सर रिटायर होतात आणि त्यांच्या जागी कुणी येत नाही. सरकारी भाषेत 'पद व्यपगत'. आमच्याकडे लेऑफ झाला की निदान मेल तरी येते!

त्यात संगीताची अडचण दुहेरी आहे. कागदावर 'कला' हे एकच खातं आहे. चित्रकला, गायन, वादन, नृत्य, नाट्य सगळं त्यात कोंबलेलं. कलाशिक्षक म्हणजे व्यवहारात चित्रकलेचे सर, कारण त्या पदाची पात्रता, पदविका आणि ग्रेड परीक्षांची घडी बसलेली आहे. चित्रकलेच्या सरांवर माझा अजिबात राग नाही (त्यांचीही पदं जातच आहेत), पण एकाच ताटात दोघांना जेवायला बसवलं की संगीत उपाशी उठतं.

मी ज्या शाळेत शिकलो ती अनुदानित मराठी शाळा, तालुक्याच्या गावातली. नाव सांगत नाही. तिथे संगीताचे वेगळे सर होते, पूर्णवेळ, पगारी, रजिस्टरवर सही करणारे. प्रत्येक वर्गाला आठवड्यात एक तास. म्हणजे शास्त्रीय संगीताचं शिक्षण वगैरे म्हणता येणार नाही, पण सर कामाचे होते. पहिली दोन वर्षं त्यांनी आम्हाला काय शिकवलं, तर थांबायला. पेटीवर एक स्वर धरायचे आणि म्हणायचे, "आधी ऐका, मग तोंड उघडा." अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात हे घडवून आणणं म्हणजे काय, हे डेली स्टँडअप चालवणाऱ्या माणसाला विचारा :)

आमच्या वर्गातली एक मुलगी तबला वाजवायची. गावात भजनी मंडळं चार होती, गाण्याला काही तोटा नव्हता. 'खेड्यात संगीत आहेच की, शाळेत कशाला हवं' असं म्हणणारे भेटतात, त्यांना मला या मुलीबद्दल सांगायचं असतं. आमच्या गावच्या मंडळात पखवाज कुणाच्या मांडीवर जाणार हे ठरलेलं होतं, पेटी कुणाच्या घरात ठेवायची हेही ठरलेलं होतं. बायकांच्या वाट्याला टाळ. शाळेतल्या तबल्याला मात्र असं कुणाचं घर नव्हतं. तिच्या वडिलांना ते फारसं पसंत नव्हतं, पण 'सरांनी सांगितलंय' या वाक्यापुढे तालुक्याच्या गावात बाप गप्प बसतो. मोबाईलवरचं तबल्याचं अ‍ॅप बापाशी बोलायला जात नाही.

सर 2016 मध्ये रिटायर झाले. त्यानंतर ते पद भरलेलं नाही. संगीताच्या तासाला आता दुसऱ्या विषयाचा राहिलेला भाग घेतात, नाहीतर तास ऑफ.

आता विरोधी मुद्दे. पहिला मुद्दा खरंच वजनदार आहे. मुलांना धड वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी जमत नाही, अशा वेळी पेटी-तबल्यावर पैसे कशाला? असरचे अहवाल मीही वाचतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. पण संगीताची पदं कमी करून वाचनाला किती शिक्षक मिळाले, हे मला कुणी दाखवावं. 2012 नंतर तर गणित-भाषेच्या रिकाम्या जागांसाठीही उमेदवार वर्षानुवर्षं ताटकळले. वाचलेले पैसे वाचनाकडे गेले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

इथे आपल्या बाजूच्या लोकांचाही एक मुद्दा मला खोडायचाय. संगीताने गणित सुधारतं, मेंदू तल्लख होतो, मोझार्ट ऐकवा आणि बाळ हुशार करा... कृपा करून हे बंद करा. 1993 मध्ये 'नेचर'मध्ये जो छोटा प्रयोग छापून आला तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, आणि त्यातला परिणाम काही मिनिटं टिकणारा. तेवढ्या भांडवलावर 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला 1,05,000 डॉलर मागितले. 2020 मध्ये साला आणि गोबे या दोघांनी अशा बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं, तर नीट नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगांत संगीत शिकण्याचा बुद्धीवर किंवा अभ्यासावर परिणाम जवळपास शून्य निघाला. गणितासाठी संगीत हवं असं एकदा म्हटलं की समोरचा अधिकारी शांतपणे म्हणेल, मग आम्ही सरळ गणिताचाच तास वाढवतो की. आणि त्याचं बरोबर असेल. संगीत शिकायचं ते गाता यावं, ऐकता यावं म्हणून. भूगोल शिकल्याने इंग्रजी सुधारतं का, असं आपण भूगोलाला कधी विचारतो का?

दुसरा मुद्दा, ज्याला आवड आहे तो क्लास लावेल. हा मुद्दा साधारणपणे ज्याने क्लास लावलाय तोच मांडतो. पुण्यात कोथरूडला राहून हे म्हणणं सोपं आहे. आणि यात एक मोठी गंमत आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. कल्पना चांगली, कलेची कदर वगैरे. पण शाळेत संगीत शिक्षक नसेल तर त्या परीक्षांची तयारी कुठे होणार? क्लासमध्ये. म्हणजे फी भरू शकणाऱ्या घरातल्या पोराला गाणंही मिळतं आणि गुणही. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतल्या पोराला दोन्ही नाही. शिक्षक काढून घ्यायचा आणि त्याने शिकवायच्या गोष्टीला मार्क द्यायचे, ही कुठली रिक्वायरमेंट?

यात मला जास्त टोचतं ते हे की हे आपल्याकडे घडतंय. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतात, संस्थानिकाच्या आश्रयावर न चालवता लोकांच्या वर्गणीवर चालवतात. बडोद्यात सयाजीरावांनी त्याआधीच, 1886 मध्ये, मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवलेली असते. त्याआधी गाणं शिकायचं तर कुणाच्या तरी घरी पाणी भरायची तयारी हवी, शिवाय योग्य घरात जन्म हवा. या मंडळींनी काय केलं, तर फळा, बाकं, स्वरलिपी, वेळापत्रक आणली. गाण्याला शाळा दिली. आणि आपण आता शाळेतून गाणं काढून पुन्हा ते ज्याच्या त्याच्या घरी पाठवतोय.

तिसरा मुद्दा, पाहुणे कलाकार बोलवा की, काय बिघडलं? आम्ही आयटीवाले हे मॉडेल चांगलं ओळखतो. तासावर बिलिंग. तासावर येणारा माणूस तास भरतो आणि जातो, आणि यात त्याची चूक नाही, त्याला तेवढेच पैसे मिळतात. पण सर मधल्या सुट्टीत पेटी काढून बसायचे. आवाज फुटलेल्या नववीतल्या पोरांना समूहगानातून हाकलून न देता खालच्या पट्टीत कसं बसवायचं हे त्यांना माहीत होतं, कारण ती पोरं त्यांनी पाचवीपासून ऐकलेली होती. पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून दोन पिढ्या गेल्या. हे कुठल्या टाइमशीटमध्ये भरायचं?

कॅलिफोर्नियात हा प्रयोग आधीच होऊन गेलाय. 1978 मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन 13' मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला. शाळांचे पैसे आटले आणि अनेक ठिकाणी पहिला वार संगीत आणि चित्रकलेच्या शिक्षकांवर पडला. ते परत आणायला 2022 उजाडलं. त्या नोव्हेंबरात 'प्रपोझिशन 28' पास झालं, ज्यात शाळांना मिळणाऱ्या निधीच्या 1 टक्क्याइतकी जास्तीची रक्कम, वर्षाला सुमारे 1 अब्ज डॉलर, कला आणि संगीतासाठी ठेवली. मला त्यातली एक अट फार आवडते. 500 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टने यातले 80 टक्के पैसे माणसांवरच खर्च करायचे. वाद्यांवर नाही, स्टेजवर नाही, शिक्षकांच्या पगारावर. आणि जुन्या खर्चाच्या जागी हे पैसे वळवायचे नाहीत. तरी 2025 च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या शाळा प्रशासनावर, पैसे नेमके तसेच वळवले असा आरोप करत खटला दाखल झालाच. म्हणजे गमावायला एक मतदान पुरलं, परत मिळवायला 44 वर्षं, आणि भांडण अजून चालूच.

आपल्याकडे कागदावर सगळं झकास आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की अभ्यासक्रम आणि 'सहशालेय' अशा भिंती नकोत. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य अशी चारही नावं आहेत. एनसीईआरटीने 2024 मध्ये तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलेची पुस्तकं काढली, चांगली आहेत. फक्त पुस्तक वाचून सा लागत नाही.

असो. गेल्या वर्षी आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेला काहीतरी द्यायचं ठरलं. इंटरॅक्टिव्ह पॅनेलवर एकमत व्हायला वीस मिनिटंही लागली नाहीत. मी लिहिलं, त्यापेक्षा संगीत शिक्षकाचा वर्षाचा पगार देऊ. एकाने लगेच उत्तर दिलं, "भावा, वन-टाइम ठीक आहे, रिकरिंग नको." त्यावर अकरा अंगठे. मला त्याचा राग आला नाही, कारण तो बरोबर होता. पगार हे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चालवायचं काम नव्हे, त्यासाठीच आपण कर भरतो. शिवाय आमची बॅच पैसे देईल, शेजारच्या गावातल्या शाळेची बॅच कुठून देणार? पॅनेल लागलं. हेडसरांनी फोटो पाठवला, त्यात मागच्या कपाटावर पेटी दिसतेय, भात्याच्या बाजूने उंदरांनी कुरतडलेली.

माझी मागणी अवाजवी नाही. प्रत्येक शाळेला एक पूर्णवेळ संगीत शिक्षक द्या असंही मी म्हणत नाही, वीस पटाच्या शाळेत ते होणार नाही हे मलाही कळतं. पण शाळांची केंद्रं आपल्याकडे आधीपासून आहेत, केंद्रप्रमुख आहेत. एका केंद्रात एक संगीत शिक्षक, कायम, वेतनश्रेणीवर, त्या केंद्रातल्या शाळांमध्ये दिवस वाटून फिरणारा. 'कला' या खात्यातून वेगळं काढलेलं, 'संगीत' असं नाव असलेलं पद. आणि जे आहेत त्यांच्यातला एक रिटायर झाला तर ती जागा भरायचीच, व्यपगत नाही.

सुरुवात म्हणून आकडा हवा. माझ्या तालुक्यात 2010 मध्ये संगीत शिक्षकांची किती पदं मंजूर होती, आज किती आहेत आणि त्यातली किती भरलेली आहेत, असे तीन प्रश्न मी शुक्रवारी माहिती अधिकारात टाकलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एका पानाचा होतो. तुमच्या तालुक्यासाठी कुणाला करायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, माझ्या अर्जाचा मसुदा पाठवतो, फक्त तालुक्याचं नाव बदला. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. आलं की आकडे इथेच टाकीन.