फुकटचे आकाश

दूरदर्शनचे मनोरे आपल्याकडे वाजतगाजत आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, पाठोपाठ सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागले आणि १९८४ साली तर काही महिने देशात दररोज जवळजवळ एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रे उभी राहत होती. जाताना मात्र ही केंद्रे मुकाट्याने गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की, मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनाकडे येणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत बंद होईल. मोक्याच्या ठिकाणची पन्नासएक केंद्रे तेवढी राहतील. वर्षाला सुमारे शंभर कोटी रुपये वाचतील, असेही सांगितले गेले. एकाही घरात त्याचे सुतक पाळले गेले नाही. बहुतेकांच्या गच्चीवरच्या काड्या त्याआधीच भंगारवाल्याने नेल्या होत्या.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या काळच्या बातम्या सरकारी होत्या. चित्रात मुंग्या येत आणि ऐन रंगात ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी लागे. स्वायत्ततेचा कायदा १९९० साली झाला, पण तो अमलात यायला १९९७ उजाडले. खासगी वाहिन्या आल्या नसत्या, तर दूरदर्शनची ती सुस्ती कधीच उतरली नसती.

तरीही त्या एकुलत्या एका वाहिनीवर एक गोष्ट आपोआप घडत होती. ‘आमची माती, आमची माणसं’ दादरच्या चाळीतला कारकूनही बघत असे. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी शेत पाहिले नाही, त्यालाही कपाशीवरच्या बोंडअळीची थोडीफार माहिती असे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधले लेखक-कलावंत खेड्यातल्या दुकानदाराच्या ओळखीचे झाले. ‘गजरा’ला आजी आणि नातू एकाच वेळी हसत. दुसरे काही लावण्याची सोय नव्हती हे खरेच; पण त्यामुळे कार्यक्रम करणाऱ्यालाही सगळे घर समोर बसले आहे, हे धरूनच चालावे लागे. आज प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे. निवड वाढली, पण परक्या माणसाचे जगणे सहज डोळ्यांखालून जाणे कमी झाले.

मनोऱ्याचा खरा गुण मात्र याहून साधा होता. तिथून निघालेली लहर एका घराने घेतली काय किंवा दहा हजार घरांनी घेतली काय, खर्च तेवढाच. कोण पाहतो आहे, हे मनोऱ्याला कळत नसे आणि त्याने विचारलेही नाही. इंटरनेटचे उलटे आहे. तिथे प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, रिचार्ज संपला की पडदा काळा, आणि तुम्ही काय, किती वेळ पाहिले याची कुठेतरी नोंद राहते ती वेगळीच.

माझे आयुष्य बँकेत गेले. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेडोपाडी उघडलेल्या कित्येक शाखा नफ्याच्या हिशेबात बसणाऱ्या नव्हत्या. अशा एका शाखेत मी तीन वर्षे काढली. मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात आम्ही कायम तोट्यात. पण सावकाराच्या ओट्यावर ताटकळणाऱ्या माणसाला आमच्यामुळे दुसरे दार मिळाले होते. ते लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. शंभर कोटींच्या बचतीचा आकडा वाचताना मला तो नसलेला रकाना आठवतो.

प्रसार भारती म्हणेल, आम्ही डीडी फ्री डिश दिली आहे. ते खरे आहे आणि कौतुकाचेही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडे नाही. तबकडी आणि डबा एकदा विकत घेतला की झाले. आज ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. २०२० साली शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवर लागत होती. ज्या घरात एकच फोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाला आकाशातून फुकट येणारा धडा म्हणजे काय, हे विचारून पाहावे.

परंतु याच फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा मिळते ती लिलावाने. जो जास्त बोली लावील तो त्या घरांत शिरतो. गरिबाघरी काय दिसावे, हे अशा रीतीने बाजार ठरवतो आणि सार्वजनिक संस्था भाडे मोजणारी घरमालक होते. २०१६ साली मुंबई-औरंगाबादसह सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, पण ते पकडणारे संच घराघरांत पोचलेच नाहीत. आता इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याच्या तंत्राची चर्चा आहे. आयआयटी कानपूरने त्यावर काम केले आहे, काही शहरांत चाचण्याही झाल्या. दूरसंचार कंपन्यांना ते नको आहे. त्यांचा डेटा विकला जाणार नाही, म्हटल्यावर नको असणारच!

हा वाद कंपन्यांच्या आणि खात्यांच्या बैठकांत मिटवून टाकण्याजोगा नाही. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. तो देणाऱ्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. मनोरे बंद झाल्याने मोकळ्या झालेल्या लहरीही मग आपल्याच. त्या बदल्यात आपण तीन गोष्टी मागायला हव्यात. फ्री डिशवरच्या काही जागा लिलावाबाहेर ठेवून त्या शिक्षणाला, मुलांना आणि मराठीसारख्या भाषांना द्याव्यात. सह्याद्रीला नवे, कसदार कार्यक्रम करण्याइतका पैसा आणि मोकळीक मिळावी. आणि थेट मोबाइलवर येणारे प्रक्षेपण सुरू झालेच, तर त्यातल्या सार्वजनिक वाहिन्यांना रिचार्जची अट कधीही नसावी.

रविवारी हे वाचणाऱ्या बहुतेक घरांत स्मार्ट टीव्ही असेल, तेव्हा आपले काही अडत नाही. अडते ते आपल्या सोसायटीच्या राखणदाराचे, स्वयंपाकाच्या बाईंचे, गावी एकट्या राहणाऱ्या काकूंचे. पाणपोई हवी की नको, हे ज्याच्या घरी नळ आहे त्याने एकट्याने ठरवू नये.