महाविद्यालय आणि मैदान
अमेरिकेत बास्केटबॉलपटूची उमेदीची वर्षे महाविद्यालयाच्या संघात जातात. 'एनसीएए', म्हणजे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था, या खेळाडूंची पात्रता ठरवते, आणि त्या अवधीतच प्रेक्षकांमध्ये त्यांचे नाव मोठे होते; आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने 2020 ते 2024 या चार हंगामांत 3951 गुणांचा विक्रम केला, तेव्हा ती व्यावसायिक संघात अजून दाखलही झाली नव्हती. आपल्याकडे पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातही लवळे येथे सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत, परंतु भारतातील आंतरविद्यापीठ स्पर्धांना, ज्या भारतीय विद्यापीठ संघ भरवतो, असा प्रेक्षकवर्ग लाभत नाही, आणि खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न महाविद्यालयाऐवजी नोकरी देणाऱ्या संस्था सोडवतात. पुण्याची बास्केटबॉलपटू शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली, ती याच व्यवस्थेमुळे. 2017 मध्ये बंगळूरू येथे भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या 'ब' विभागाच्या, म्हणजे दुय्यम श्रेणीच्या, अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असे हरवून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला, त्या संघात ती होती. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तर भारतीय महिला संघाचे नेतृत्वही तिच्याकडे आले. रेल्वेची नोकरी खेळाडूला स्थैर्य देते हे खरे, आणि ते थोडके नव्हे. पण विद्यार्थिदशेतील खेळाडूभोवती प्रेक्षक जमवणे हे काम रेल्वेचे नव्हे, आणि कुस्तीच्या फडाला गर्दी करणाऱ्या मुळशीकरांना विद्यापीठाच्या मैदानाकडे वळण्याचे निमित्त अद्याप कोणी दिलेले नाही.